‘२४ तासांत खत’ देणारं कंपोस्ट मशीन: कोल्हापुरातल्या सोसायट्यांनी घ्यावं का?

ऐंशी-शंभर फ्लॅटची सोसायटी असेल तर हे मशीन विकणारा माणूस कधी ना कधी दारात येतोच. पूर्ण स्वयंचलित, दिवसाला १०० किलो ओला कचरा, २४ तासांत खत, वास नाही, माश्या नाहीत, मनुष्यबळ जवळपास शून्य. स्टिकर वेगवेगळे असले तरी आतली रचना बहुतेक तीच असते. इंग्रजी ‘यू’ आकाराची स्टेनलेस स्टीलची टाकी, मधोमध शाफ्ट आणि त्यावर पाती, तो फिरवायला गिअर मोटर आणि चेन, टाकीच्या बुडाला हीटर किंवा गरम तेलाचं जॅकेट, वाफ ओढणारा ब्लोअर, वासासाठी कार्बन फिल्टर आणि पुढे बटणांचं पॅनेल. म्हणून हा आढावा कुणा एका कंपनीचा नाही, या जातीच्या मशीनचा आहे.

आमचं मत आधीच सांगतो. ओला कचरा वाळवून हलका करायचा असेल तर हे काम हे मशीन नीट करतं. खत मात्र ते करत नाही. खत त्यानंतर, मशीनच्या बाहेर, तीन-चार आठवड्यांत होतं, आणि त्यासाठी छपराखालची जागा, ओलावा आणि खोऱ्यानं हलवणारा माणूस लागतो. कोटेशनमध्ये या तिन्हींचा खर्च नसतो. जागा असेल तर मशीनची गरजच कमी, आणि जागा नसेल तर मशीन घेऊनही अर्धं काम अडून राहतं.

मशीनमधून दुसऱ्या दिवशी निघतं ते हातात घेऊन बघा. तपकिरी, कोरडी, भरड भुकटी. वास भाजल्यासारखा, किंचित गोडसर. त्यात कांद्याच्या सालीचा जांभळा रंग अजून ओळखू येतो, भाकरीचे तुकडे कडक होऊन तसेच असतात, लिंबाची साल चामड्यासारखी वळलेली. याच भुकटीवर पाणी शिंपडून ती झाकणाच्या बरणीत दोन दिवस ठेवली की झाकण उघडताना आंबूस भपकारा येतो आणि वर पांढरी बुरशी दिसते. कच्चा माल कच्चाच आहे, फक्त त्यातलं पाणी गेलंय. मिरची वाळवली म्हणजे चटणी झाली, असं कोल्हापुरात कुणी म्हणणार नाही.

‘वजन ७० ते ८० टक्के कमी’ हा दावा खरा आहे, पण त्याचं कारण साधं आहे. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात ७० ते ८० टक्के पाणीच असतं. १०० किलो कचऱ्यात ७५ किलो पाणी आणि २५ किलो घन पदार्थ धरू. तो २० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवला की सुमारे ३१ किलो उरतो, म्हणजे ६९ किलो पाण्याची वाफ करावी लागली. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण ०.६३ युनिट ऊर्जा लागते, हा निसर्गाचा हिशोब आहे, कंपनीचा नाही. ६९ किलोंना ४३ युनिट झाले. कचरा गरम करायचे आणखी तीन-चार, मोटर आणि ब्लोअर वेगळे. तेव्हा रोज १०० किलो वाळवायला ५० युनिटच्या आसपास वीज धरून चला आणि तुमच्या महावितरणच्या बिलावरच्या दरानं गुणाकार करा. साध्या हीटरच्या मशीनच्या माहितीपत्रकात ‘दिवसाला १५ युनिट’ असं लिहिलं असेल तर तीनच शक्यता राहतात. एक तर मशीन खरोखर १०० किलो घेत नाही, नाहीतर बाहेर येणारा माल ओला असतो, नाहीतर पाणी शोषायला भरपूर भुसा घालावा लागतो. वाफेतली उष्णता परत वापरणारी हीट पंपची मॉडेल कमी वीज खातात, पण त्यांची किंमत चढी असते. विक्रेत्याला थेट विचारावं: हीटर किती किलोवॅटचा, आणि दिवसातले किती तास चालू असतो?

कचरा कुजताना जिवाणू स्वतःची उष्णता तयार करतात, तीही थोडी मदत करते. पण इथेच या मशीनच्या रचनेत मूळ अडचण आहे. खत करणाऱ्या जिवाणूंना ओलावा ५० ते ६० टक्के आणि तापमान ५५ ते ६५ अंश मानवतं. घाईनं वाळवण्यासाठी मशीन ७०-८० अंशांवर ठेवलं आणि ओलावा ३० टक्क्यांखाली नेला की जिवाणूंचं काम थांबतं. सोबत दिलेलं महागडं ‘कल्चर’, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण, अशा टाकीत घालणं म्हणजे पैसे वाया. बहुतेक मॉडेलमध्ये तापमान कमी ठेवता येतं. ६० अंशांवर आणलं, तर माल ओलसर निघेल पण पुढे कुजायला लवकर लागेल. विक्रेता तापमान वाढवायला सांगतो, कारण कोरडा माल दाखवायला छान दिसतो.

दुसरा मुद्दा मिठाचा आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. शिळ्या भाजी-आमटीत एक टक्का मीठ धरलं, तर पाणी उडाल्यावर त्याच मिठाचं प्रमाण तीन टक्क्यांच्या वर जातं. मीठ वाफेबरोबर जात नाही. शहरी कंपोस्टला खत नियंत्रण आदेशात जे निकष आहेत, त्यात क्षारांचं माप म्हणजे ईसी ४ च्या आत, कार्बन-नत्र गुणोत्तर २० च्या आत, सामू (पीएच) ६.५ ते ७.५ आणि ओलावा १५ ते २५ टक्के असावा लागतो. निव्वळ शिळ्या अन्नाची वाळवलेली भुकटी यातल्या पहिल्या तीन अटींवर सहसा नापास होते. ती थेट कुंडीत घातली की तुळस, गुलाब आठवड्यात कडेनं करपतात, आणि मग ‘कचऱ्याचं खत झाडांना चालत नाही’ असा समज सगळ्या बिल्डिंगमध्ये पसरतो. भाज्यांचे देठ, फळांच्या साली, निर्माल्य आणि वाळलेला पाला यांचं प्रमाण जास्त ठेवलं तर हा प्रश्न बराच सुटतो.

आता त्या पुढच्या तीन-चार आठवड्यांबद्दल. १०० किलो कचऱ्यात १० किलो भुसा मिसळला तर रोज साधारण ३४ किलो घन माल निघतो. तो पुन्हा ५० टक्के ओला केला की ६८ किलो, म्हणजे अंदाजे १३५ लिटर जागा. ३० दिवस साठवायचा तर चार घनमीटर. एक मीटर उंचीचा ढीग लावला तर ४० ते ४५ चौरस फूट लागतात, आणि पालटायला तेवढीच मोकळी जागा. म्हणजे किमान १०० चौरस फूट, वर पत्रा, खाली फरशी आणि पाणी निघून जायला उतार. ही जागा आधी आखा, मशीनचा विचार नंतर करा.

काम अवघड नाही. मशीनमधला माल जमिनीवर पसरून झारीनं पाणी मारायचं. मुठीत दाबल्यावर लाडू वळावा पण बोटांतून पाणी टपकू नये. त्यात दहावा हिस्सा जुनं तयार खत किंवा शेणकाला घालायचा. तिसऱ्या दिवसापर्यंत ढिगाच्या पोटात ५० अंशांच्या वर ताप चढायला हवा. लांब दांडीचा थर्मामीटर ठेवावा, हातानं अंदाज चुकतो. ५५ अंश सलग तीन दिवस टिकला तर रोगजंतू आणि तणांचं बी बऱ्यापैकी मरतं. दर चार-पाच दिवसांनी पालटायचं, कोरडं वाटलं तर पाणी द्यायचं. पालटूनही ढीग तापेनासा झाला, रंग गडद झाला आणि मातीचा वास आला की ४ मिलिमीटरच्या चाळणीतून काढायचं. चाळणीवर उरलेला चोथा पुढच्या ढिगात.

तयार झालं की नाही हे अळिवाच्या बियांवरून खात्रीनं कळतं. १० ग्रॅम खत १०० मिलिलिटर पाण्यात तासभर भिजवून गाळा. दोन बशांत कापूस पसरा, एकीत साधं पाणी, दुसरीत हे गाळलेलं पाणी, दोन्हींत दहा-दहा अळीव, वर झाकण. तिसऱ्या दिवशी मोजा. साध्या पाण्यात नऊ उगवले आणि खताच्या पाण्यात सहाच, किंवा मुळं निम्म्याच लांबीची, तर माल अजून कच्चा आहे. पाच-दहा रुपयांच्या अळिवात होणारी ही चाचणी विक्रेत्यासमोर करून बघायला हरकत नसावी.

भुशाबद्दल कोल्हापूरकरांना तशी चिंता नाही. टिंबर मार्केटच्या वखारींत लाकडाचा भुसा मिळतो. फक्त प्लायवूड आणि एमडीएफ (गोंद घालून दाबलेल्या लाकडी चुऱ्याच्या फळ्या) कापलेला भुसा घेऊ नका, त्यात फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो. भाताचं तूस हवा खेळती ठेवायला उत्तम, पण त्यात सिलिका जास्त असल्यानं ते स्वतः फार हळू कुजतं. उसाचं पाचट तोडणीच्या हंगामात सगळीकडे असतं. ते बोटभर लांबीचं कापून घातलं तर चांगलं, अख्खं घातलं तर पात्यांना गुंडाळतं. गुऱ्हाळातलं चिपाड मात्र तिथल्या चुलवाणालाच लागतं, त्यावर विसंबू नका. पावसाळ्याचे चार महिने लक्षात घेऊन भुसा मे महिन्यातच भरून ठेवा. जुलैत मिळतो तो ओला असतो, आणि ओल्या भुशाचा उपयोग शून्य.

मशीन कुठे बिघडतं ते नीट समजून घ्या, कारण कटकट तिथेच आहे. पहिली अडचण भाताची. शिळा भात आणि कणीक गरम टाकीत शाफ्टभोवती चिकट गोळा धरतात. गोळा फिरत राहतो, बाहेरून भाजतो, आत कच्चाच राहतो आणि मोटरवर भार येतो. उपाय म्हणजे भात एकदम न ओतता भुशात मोकळा करून थोडा थोडा टाकणं. दुसरी अडचण हाडांची. बुधवार, शुक्रवार आणि रविवारनंतर कोल्हापुरातल्या कुठल्याही सोसायटीच्या बादलीत मटणाची नळी असतेच. ही पाती हाडं फोडत नाहीत, ती पाती आणि टाकीच्या भिंतीत अडकतात. मग भार वाढला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड ट्रिप होतो, आणि कुणीतरी वैतागून ट्रिपची सेटिंग वाढवून ठेवतो. तिथून गिअरबॉक्सचं आयुष्य मोजायला लागा. नारळाची करवंटी, आंब्याची कोय, मक्याचं कणीस, केळीचं पान आणि स्टीलचा चमचा हे बाकीचे अपराधी. तोंडाशी जाड सळईची जाळी आणि शेजारी चिमटा ठेवला तर यातलं निम्मं टळतं.

तिसरी अडचण दिसत नाही. शाफ्ट टाकीतून बाहेर येतो तिथल्या सीलमधून आंबट पाणी झिरपून बेअरिंगवर पडतं. बेअरिंग टाकीला चिकटून बसवलेलं असेल तर ते लवकर जातं. टाकी आणि बेअरिंगमध्ये चार बोटांची मोकळी जागा असलेलं मॉडेल निवडा, पाणी खाली पडेल. चौथी हीटरची. टाकीच्या बुडाला करपलेल्या अन्नाचा थर बसला की उष्णता वर जात नाही, हीटर स्वतःच तापून जळतो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून लाकडी उलथन्यानं खरवडायला हवी. ‘मनुष्यबळ शून्य’ हा दावा इथे संपतो. शाफ्टजवळ हात घालण्यापूर्वी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचं, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. झाकण उघडलं की मोटर थांबवणाऱ्या लिमिट स्विचवर भरवसा ठेवू नये, आणि झाकण उघडं असतानाही शाफ्ट फिरावा म्हणून कुणी तो बांधून ठेवला असेल तर त्याच दिवशी सोडवून घ्या.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र या शहराची बाजू भक्कम आहे. शाफ्ट, पाती, स्प्रॉकेट, बुशिंग यांतलं काहीही शिवाजी उद्यमनगरात करून मिळतं. अडतं ते कंट्रोल पॅनेलपाशी. प्रोग्रॅमला पासवर्ड असतो आणि तो कंपनीच देते. खरेदीच्या वेळीच पासवर्ड आणि वायरिंगचा नकाशा लेखी मागा. तो द्यायला तयार नसलेल्याकडून मशीन घेऊ नका. हे आम्ही पूर्ण जबाबदारीनं सांगतो.

‘वास नाही’ हा दावा फिल्टर नवा असेपर्यंतच खरा असतो. रोज साठ-सत्तर लिटर पाणी वाफ होऊन जातं, ते कुठेतरी उतरणारच. कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करून पाणी करणारा भाग, असेल तर ते घाण वासाचं, आम्लधर्मी पाणी पाइपातून येतं. ते सांडपाण्याच्या लाइनलाच जोडायला हवं. पावसाळी गटारात सोडलं तर शहराच्या बऱ्याच भागांतून ते जयंती नाल्यात आणि पुढे पंचगंगेत जाणार. कंडेन्सर नसेल तर वाफ कार्बन फिल्टरमधून जाते. कार्बन ओला झाला की वास धरायचा थांबतो, दमट हवेत तर लवकरच. फिल्टरच्या आधी पाणी गळून जाण्याची सोय आहे का ते बघा. बाहेरचा पाइप गच्चीपर्यंत न्यावा, कुणाच्या खिडकीखाली सोडू नये.

जागा निवडताना २०१९ आणि २०२१ चा महापूर आठवा. शाहूपुरी, नागाळा पार्कासारख्या भागात पाणी कुठवर आलं होतं त्याच्या खुणा बऱ्याच इमारतींच्या भिंतींवर आहेत. पॅनेल, मोटर आणि हीटरची जोडणी त्या खुणेच्या वर हवी. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये मशीन बसवू नका, पूर नसला तरी तिथे वाफ कोंडते.

काय टाकू नये यात सर्वांत धोकादायक गोष्टी आकारानं लहान असतात. जुन्या सीएफएल दिव्यात ५ मिलिग्रॅमपर्यंत पारा असतो. खताच्या निकषात पाऱ्याची मर्यादा किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे असा एक दिवा टाकीत फुटला तर ३३ किलो माल, अर्थात त्या दिवसाचा जवळजवळ सगळा घाणा मर्यादेबाहेर जाऊ शकतो. पाती तो सगळ्यात सारखा मिसळूनही देतात, वेचून काढायचा प्रश्नच उरत नाही. घड्याळाचे सेल, उरलेली औषधं, नेलपॉलिशच्या बाटल्या, डासांच्या औषधाच्या रिफिल यांचंही तेच. म्हणून जिन्याखाली घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा, झाकणाचा डबा हवा आणि सॅनिटरी पॅड-डायपर वेगळ्या कागदात गुंडाळून, खूण करून द्यायला हवेत. ओली बादली मशीनमध्ये ओतण्याआधी पत्र्याच्या ट्रेवर पसरून बघायची, हातात जाड रबरी मोजे घालून. हे काम करणाऱ्या मावशींना त्याचे वेगळे पैसे द्या. सगळी यंत्रणा त्यांच्या नजरेवर चालते.

मशीनऐवजी काय, याचं आमचं उत्तर विटांच्या जाळीदार हौदांचं आहे. मीटरभर लांब, रुंद आणि उंच असे आठ हौद, विटांमध्ये हवेसाठी फटी, वर पत्रा. दोन बादल्या ओला कचरा, एक बादली पाला किंवा भुसा, असा थर. एक हौद पाच-सहा दिवसांत भरतो, आठवा भरेपर्यंत पहिला दीड महिन्याचा झालेला असतो. आंबट वास आला तर ओल जास्त, भुसा वाढवा आणि उकरा. अमोनियाचा झोंबणारा वास आला तरी भुसाच कमी पडलाय. अळ्या दिसल्या तर वरचा थर उघडा राहिलाय, चार बोटं भुशानं झाका. उंदरांसाठी फटींना बारीक जाळी. वीज लागत नाही, पासवर्ड लागत नाही.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा निर्माते ठरवलं आणि ५,००० चौरस मीटरहून मोठ्या वसाहतींना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. कसबा बावड्याच्या झूम कचरा प्रकल्पावरचा ढीग पाहिलेल्या माणसाला यामागचं कारण वेगळं समजवायला नको. पण आवारात जिरवायचं म्हणजे मशीनच घ्यायचं, असं नाही.

मशीन ज्यांना खरंच उपयोगी पडेल ते वेगळे आहेत: मंगल कार्यालयं, हॉस्पिटलचं कॅन्टीन, मोठी हॉटेलं. तिथे एका रात्रीत शे-दोनशे किलो शिजलेलं अन्न उरतं, ते सकाळपर्यंत आंबतं, आणि ढीग लावायला जागा नसते. त्यांनी वाळवून वजन कमी करावं आणि तो माल शेतातल्या खड्ड्यात नेऊन पाचट-शेणाबरोबर कुजवावा. रस्सा आधी चाळणीवर निथळून घ्यायचा आणि वरचा तेलाचा तवंग वेगळा काढायचा, नाहीतर तेल कणांवर पातळ थर धरतं आणि माल वाळतच नाही.

इतकं वाचूनही सोसायटीनं मशीन घ्यायचं ठरवलं, तर आधी सलग सात दिवस ओला कचरा काट्यावर तोला. घरटी पाऊण ते एक किलो धरतात, पण प्रत्यक्षात फरक पडतो, आणि आंब्याच्या दिवसांत व गणपतीत तो वाढतो. थ्री फेज कनेक्शन आणि मंजूर भार पुरतो का ते तपासा. टाकी एसएस ३०४ (स्टेनलेस स्टीलची एक प्रत) ची आणि किती जाडीची हे ऑर्डरमध्ये लिहून घ्या. हीटर, चेन आणि बेअरिंगचा एक-एक जादा नग किमतीतच मागा. चाचणी विक्रेत्याच्या निवडक भाजीवर नको, तुमच्याच सोमवार सकाळच्या बादल्यांवर करा. वेगळा वीजमीटर लावा, आत किती किलो गेलं, बाहेर किती आलं आणि किती युनिट पडले हे तीन आकडे सात दिवस लिहा. शेवटचा ३० टक्के हप्ता हे आकडे कोटेशनशी जुळल्यावर आणि महिन्याभरानं तयार झालेल्या खतात अळीव उगवल्यावरच द्या.